नावे टिपणाऱ्या कॅमेऱ्याची कैफियत

माझे तोंड जन्मापासून खाली आहे. मित्रांनो, इतर कॅमेऱ्यांनी डोंगर पाहिले, घोड्यांच्या शर्यती पाहिल्या, लग्नातल्या नवऱ्या पाहिल्या. मी पाहिले ते एक टेबल. दोन हात लांब, दीड हात रुंद, वर जाड काच. त्या काचेखाली जे ठेवतील ते बघायचे आणि तारेचे बटण दाबले की एकदा डोळा उघडून मिटायचा, एवढेच माझे काम. चित्रपट सुरू होताना जी नावे पडद्यावर येतात, ती टिपणारा मी एक जुना उभा कॅमेरा. आज मी जे सांगणार आहे ते जरा चिडूनच सांगणार आहे. इतकी वर्षे गप्प राहिलो, आता राहवत नाही.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात मला बनवले. लोखंडाचा एक खांब, त्यावर वरखाली सरकणारा मी आणि दोन्ही बाजूंना दोन दिवे. १९६१ च्या वसंतात लाकडी पेटीत भुसा भरून मला अल्मा-अताच्या स्टुडिओत आणले. पेटी उघडली तेव्हा मला चेहरा दिसला नाही, बूट दिसले. त्यांच्यावर सफरचंदाच्या बागेतला ओला चिखल होता.

"आला का आमचा मानखाली!" बूटवाला म्हणाला आणि खोकला.

तो वेनेदिक्त त्यान. कोरियन वंशाचा, बुटका, पस्तिशीचा. सगळे त्याला नुसते त्यान म्हणत. त्याचा चेहरा मला काचेत उलटा दिसायचा. पुढची पंचवीस वर्षे मी तो तसाच पाहिला. बाहीवर काळी कापडी खोळ चढवून तो रोज सकाळी नऊला यायचा, माझी काच मऊ कापडाने पुसायचा आणि दुपारी त्याच टेबलाच्या कडेला बरणीतली तिखट गाजराची कोशिंबीर खायचा. एकदाही त्याने माझ्या काचेवर थेंब सांडू दिला नाही.

पहिली तेरा वर्षे मी काय टिपले, विचारा. निळी मखमल आणि पांढरी अक्षरे. मेंढपाळांचा चित्रपट असो, युद्धाचा असो, नवराबायकोच्या भांडणाचा असो, पाटी तीच. आधी स्टुडिओचे नाव, मग चित्रपटाचे, मग मानाप्रमाणे माणसांची. रंगही ठरलेला, अक्षरांची उंचीही ठरलेली. माझी खोली चित्रपट दाखवून पाहण्याच्या हॉलला लागून होती. मधली भिंत पातळ, तिला एक झरोका. त्यामुळे मी टिपलेली नावे पडद्यावर चालू झाली की हॉलमध्ये काय चालते ते मला ऐकू यायचे. खुर्च्या सरकायच्या. कोणी कोट काढायचे. सूर्यफुलाच्या बिया फुटायच्या. "अरे, इकडे ये, इकडे जागा आहे!" नावे संपली की मग कोणीतरी म्हणायचे, "श्श, सुरू झालं."

सुरू झालं! म्हणजे तोवर जे चालले होते ते काय होते? माझा जीव नुसता चडफडायचा. पण लोखंडाच्या चडफडण्याला आवाज नसतो.

१९७२ मध्ये अक्षरे कापायला बाल्झिया आली. कर्काराळीकडची, चोवीस वर्षांची, डावखुरी. शस्त्रक्रियेच्या चाकूने ती कागदातून अक्षर असे सोडवायची की कडेला केसभरही दात राहायचा नाही. हात जितका हळू, तितकी जीभ चपळ.

"आगाय," ती त्यानला पहिल्याच आठवड्यात म्हणाली. तिकडे मोठ्या माणसाला तसेच म्हणतात. "ही निळी मखमल कोणाच्या शवपेटीवरून काढलीत?"

"मंत्रालयाच्या," त्यान शांतपणे म्हणाला. "हळू बोल."

"आणि दर चित्रपटाला हीच?"

"आयनालायिन," तो म्हणाला. लहानांना तिकडे लाडाने असे म्हणतात. "लोक चित्रपट बघायला येतात. नावं बघायला त्या नावांच्या बायका येतात."

ती खळखळून हसली, पण काचेवर वाकून मखमलीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. तिचे डोळे मला अगदी जवळून दिसत होते. तिलाही माझ्यासारखाच राग येत होता. त्या दिवसापासून मला ती आपली वाटू लागली.

मग १९७४ चा मार्च उजाडला. कुआनिश नावाच्या तरुण दिग्दर्शकाने आपला पहिला रहस्यपट पुरा केला होता. गोष्ट साधी आणि भयंकर होती. डोंगरावर जाणाऱ्या रोपवेच्या डब्यात लग्नाच्या दिवशी नवरी एकटी बसते. खालच्या ठाण्यावर सगळे हात हलवून तिला निरोप देतात. डबा वर पोहोचतो, दार उघडते आणि आत कोणी नसते. चित्रपटाचे नाव होते 'सतरावा डबा'. चौकशी, संशय, खून हे सगळे पुढे यायचे होते. पण सुरुवातीची अकरा मिनिटे लग्नाची मेजवानी होती. सासरा अडखळत भाषण करतो, कोणीतरी घोड्याला टोपी घालते, बाउरसाकची, म्हणजे तळलेल्या गोळ्यांची, परात उलटते.

स्टुडिओतल्या कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावून चित्रपट दाखवला. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. आधी माझी निळी पाटी गेली, खुर्च्या सरकल्या, बिया फुटल्या. मग मेजवानी सुरू झाली आणि हॉल हसू लागला. घोड्याच्या टोपीला हसला, परातीला हसला. आणि डब्याचे दार उघडले, आत कोणी नव्हते, तेव्हा तो सगळ्यात मोठ्याने हसला. एक बाई म्हणाली, "पळाली ग बया, बरं केलं!" त्यावर पुन्हा हशा.

पाच मिनिटांत कुआनिश आमच्या खोलीत आला. धाडकन दार लावून घेतले आणि त्यानच्या स्टुलावर बसला.

"संपलो मी," तो म्हणाला. "दोन वर्षं घासली या चित्रपटावर. लोक हसताहेत, आगाय! मुलगी गायब झाली आणि लोक हसताहेत!"

"मेजवानी काप," त्यान म्हणाला.

"मेजवानी कापली तर ती मुलगी कोण, हेच कळणार नाही. तिच्यासाठी जीव कशाला तुटेल मग? आणि आता पुन्हा शूटिंग कोण करू देणार मला? दौके म्हणाले, दोन आठवड्यांत नीट करून दाखव, नाहीतर रिळांचा डबा बंद करून फळीवर ठेवू."

दौके म्हणजे स्टुडिओचे प्रमुख दौलेतबेक. आदराने सगळे त्यांना तसे म्हणत. आणि फळीवर गेलेला चित्रपट खाली येत नसे, हे मला ठाऊक होते.

बाल्झिया हातातला चाकू पुसत होती. "चूक मेजवानीची नाहीच," ती म्हणाली. "त्याआधीच्या दोन मिनिटांची आहे. कसं बसायचं हे प्रेक्षकाला आधी सांगावं लागतं."

"आता खुर्चीत बसायलाही शिकवायचं का?" त्यान म्हणाला.

"हो. पाठ टेकून बसायचं की कड धरून. निळ्या मखमलीवर गोल गरगरीत अक्षरं दाखवलीत, म्हणजे सांगितलंत की ऐसपैस बसा, बिया काढा. लोकांनी ऐकलं तुमचं. ते काय चुकले?"

कुआनिशने मान वर केली. तिने बोलणे तेवढ्यावर ठेवले नाही. एकच नाव तिने काचेखाली तीन प्रकारे मांडले. आधी जाड, गोल अक्षरे अगदी मध्यभागी. कुआनिश म्हणाला, "विनोदी." मग उंच, ताठ, एकमेकांना खेटलेली. "इतिहास. राजे, तलवारी." मग तिने काळा कागद अंथरला आणि बारीक अक्षरे एकमेकांपासून दूर दूर, खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली. वरचा सगळा काळोख रिकामा सोडला.

कुआनिश काचेवर वाकला. मग हळूच म्हणाला, "वरून काहीतरी येणार आहे."

"अजून काहीच दाखवलं नाहीये," बाल्झिया म्हणाली. "नुसतं एक नाव ठेवलंय."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या आयुष्याचा अर्थ कळला असे म्हटले तर तुम्ही हसाल. हसा. पण तेरा वर्षे ज्याला कोणी दरवाजाचा कडीकोयंडाही समजले नव्हते, त्याला त्या दिवशी समजले की तो दरवाजाच होता.

अकरा दिवस आम्ही काम केले. बाल्झियाने घोड्याच्या शेपटीचा एकच पांढरा केस आणला आणि काळ्या कापडावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका ताणला. तो रोपवेचा दोर. नावातली अक्षरे त्या केसाला टांगल्यासारखी एकामागून एक वर सरकत जायची, वरच्या टोकाला पोहोचायची आणि तिथे नाव जुळायचे. पण प्रत्येक नावातले एक अक्षर पोहोचायचेच नाही. वाटेत कुठेतरी ते नाहीसे व्हायचे. जुळलेल्या नावात त्याची जागा रिकामी दिसायची. मग पुढचे नाव. कोणतेही अक्षर परत येत नव्हते. संगीत नको, असे तिने कुआनिशला बजावले. नुसता चाकाचा कुरकुर आवाज.

एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. दोन मिनिटे दहा सेकंद, म्हणजे तीन हजार एकशे वीस. दर चौकटीला बाल्झिया चिमट्याने अक्षर केसभर सरकवायची आणि हात मागे घ्यायची. त्यान बटण दाबायचा, मी डोळा उघडून मिटायचो. पुन्हा केसभर. पुन्हा मी. दिव्यांनी खोली तापायची. त्यानला खोकला यायचा, पण तो तोंडात रुमाल कोंबून दोन चौकटींच्या मध्येच खोकायचा.

माझ्यात एक खोट होती. खांबाला धरणारा माझा एक स्क्रू सैल होता, त्यामुळे दर वेळी डोळा मिटताना मी किंचित थरथरायचो. निळ्या पाटीच्या वेळी त्यान तो रोज सकाळी आवळायचा. चौथ्या दिवशी धुऊन आलेला पहिला तुकडा भिंगातून पाहताना त्याने कपाळावर हात मारला.

"थरथरतंय सगळं. आवळायचा राहिला. चार दिवस फुकट गेले."

बाल्झियाने भिंग त्याच्या हातातून घेतले. "आगाय," ती म्हणाली, "त्या स्क्रूला हात लावाल तर बघा. दोर भ्यायलाय. कुठल्या पैशाने नाही, कुठल्या हुकमाने नाही, आपोआप भ्यायलाय."

ज्या खोटीची मला लाज वाटत होती, तिला पहिल्यांदा कोणी चांगले म्हटले. उरलेले सात दिवस मी मनापासून थरथरलो.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. काम चालू असताना त्यान एकही विनोद करत नव्हता. अक्षर वाटेत नाहीसे करायची वेळ आली, म्हणजे बाल्झियाने ते चिमट्याने उचलले, की काचेतला त्याचा चेहरा बाजूला वळायचा. मला वाटले, दिव्याचा त्रास होत असेल.

पुन्हा चित्रपट दाखवला. तेच लोक नव्हते, पण तसेच होते. बिया आणलेल्या, पोरेबाळे घेऊन आलेले. अंधार झाला आणि चाकाची कुरकुर सुरू झाली. मी कान लावून होतो. पहिल्या नावाला एकदोन बिया फुटल्या. दुसऱ्याला एक. तिसऱ्या नावानंतर हॉलमध्ये काहीच ऐकू येईना. मग मेजवानी आली. तीच. घोड्याला टोपी घातली, कोणी हसले नाही. परात उलटली, एक बाई "अगं आई" म्हणाली. डब्याचे दार उघडले, तेव्हा हॉल इतका गप्प होता की पलीकडचा प्रोजेक्टर मला माझ्या शेजारी असल्यासारखा ऐकू आला. चित्रपटातली एक चौकटही बदलली नव्हती. बदलली होती ती फक्त आमची दोन मिनिटे.

त्यान भिंतीला कान लावून उभा होता. बाल्झियाने त्याचा हात घट्ट धरला होता.

आता इथून पुढचे सांगताना माझा तोल जातो.

तिसऱ्या दिवशी दौलेतबेक स्वतः खोलीत आले. मागे कुआनिश, पांढराफटक. दौलेतबेकांच्या हातात कागद होता.

"बाल्झिया, पोरी, काम सुंदर आहे," ते म्हणाले. "माझ्या बायकोने रात्री दोनदा दाराची कडी तपासली. पण लोककलावंत ऐत्माखान यांचा फोन आला होता. चाळीस वर्षं रंगभूमी गाजवलेला माणूस. त्यांचं म्हणणं, माझ्या नावातलं पहिलंच अक्षर तुम्ही दरीत टाकलंत."

"दरीत नाही टाकलं, दौके. ते पोहोचलं नाही."

"फरक त्यांना सांग तू! आणि मंजुरी समितीतले लोक विचारताहेत, स्टुडिओच्या नावातलं अक्षर का पडलं? कोणाला काय सुचवायचंय? मी काय उत्तर देऊ? अक्षर भ्यायलं होतं म्हणू?"

"हो," बाल्झिया म्हणाली.

"निळी पाटी लावा. परवापर्यंत." ते वळले, पुन्हा थांबले. "लोकांना चित्रपट आवडलाय, आयनालायिन. नावांवाचून काय अडतंय?"

नावांवाचून काय अडतंय! मला हात असते तर मी तेव्हाच ते टेबल उलटे केले असते. चित्रपट नावांमुळेच आवडला होता, ही एवढी गोष्ट त्या माणसाला, बायकोने दोनदा कडी तपासूनही, कळत नव्हती!

"मी अक्षरं कापणार नाही," दार बंद झाल्यावर बाल्झिया म्हणाली. "तुम्हीही टिपू नका, आगाय. दोघांनी नाही म्हटलं तर काय करतील? या खांबाला बटण दाबणारा दुसरा कोणी आहे त्यांच्याकडे?"

त्यानने कपाट उघडले, जुनी छापील अक्षरे काढली, निळी मखमल झटकली आणि काचेखाली अंथरली.

"आगाय?"

त्याने पाना घेतला आणि माझा स्क्रू आवळला. करकचून आवळला.

"बोला ना काहीतरी!"

"नाव पुरं लिहा म्हणाले तर पुरं लिहावं," एवढेच तो म्हणाला.

"घाबरट," बाल्झिया म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणून ते जास्त लागले. तिने चाकू कापडात गुंडाळला, कोट घेतला आणि निघून गेली. त्या दिवशी दुपारी त्यान आणि मी मिळून आमचेच काम पुसले. निळे, पांढरे, गोल, ताठ. ऐत्माखान पूर्ण. स्टुडिओ पूर्ण. सगळी अक्षरे जागेवर. मी जरासुद्धा थरथरलो नाही. थरथरू शकतच नव्हतो.

चित्रपट लागला आणि लोक हसले. वर्तमानपत्रात आले की हा विनोदपट आहे की रहस्यपट, हे दिग्दर्शकालाच ठरवता आलेले नाही. कुआनिशकडे आमच्या दोन मिनिटांचे एकच रीळ उरले होते. ते घेऊन तो नारिनकोलला एका सभागृहात गेला आणि निळी पाटी काढून ते जोडून दाखवले. परत आल्यावर त्यानला सांगत होता, "आगाय, एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मेजवानी चालू असतानाच उठून ओरडून सांगितलं, त्या पोरीला डब्यात बसू देऊ नका रे!" पंधरा दिवसांत त्याला लेखी ताकीद मिळाली आणि ते रीळ जमा करून घेतले. पुढे त्याने लोकर कातरण्याच्या यंत्रांवर माहितीपट केले. त्यांची नावे मीच टिपली. निळ्या मखमलीवर.

बाल्झिया एका छापखान्यात बिस्किटांच्या वेष्टनांवरची अक्षरे काढू लागली. त्यानशी ती बोलली नाही. एक वर्ष नाही, दोन नाही, तब्बल बारा वर्षे.

१९८६ च्या जूनमध्ये त्यान साठ वर्षांचा झाला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी सकाळी लोक येऊन गेले, हात मिळवून गेले, एक गौरवपत्र वाचून झाले, टाळ्या झाल्या. दुपारी तो एकटाच माझी काच पुसत होता. दार वाजले. मला आधी बूट दिसले, मग डावा हात. त्यात कापडात गुंडाळलेला चाकू होता.

"छापखान्यात ऐकलं," बाल्झिया म्हणाली. तिच्या केसांत आता पांढऱ्या बटा होत्या. "म्हटलं, भांडून तरी येऊ शेवटचं."

"बस. कोशिंबीर आहे."

"नको. आगाय, त्या दिवशी तुम्ही नाही म्हणू शकत होतात."

"शकत होतो."

"मग?"

"तू विचारू शकत होतीस, का नाही म्हणालो ते. बारा वर्षं होती तुझ्याकडे."

ती स्टूल ओढून बसली. त्यान काच पुसतच बोलला, जणू काचेशीच.

"सदतीस साल. मी अकरा वर्षांचा. आम्हा कोरियन लोकांना समुद्राकाठच्या गावांतून उचलून मालगाड्यांत भरलं, इकडे पाठवायला. ठाण्यावर एक जण यादी वाचत होता. नाव आलं की डब्यात चढायचं. माझी बहीण सुनोक, सतरा वर्षांची. यादीत तिच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं. तो म्हणाला, ही या डब्यात नाही. आई म्हणाली, हीच ती, हीच आहे. तो म्हणाला, कागदावर नाही. तिला मागच्या डब्यात बसवलं. आम्ही उतरलो उश्तोबेला. तो डबा वाटेत कुठे सोडून दुसऱ्या गाडीला जोडला, कोणाला माहीत नाही."

"सापडली?"

"नाही."

रस्त्याकडेच्या पाटातले पाणी ऐकू येत होते.

"अकरा दिवस तू अक्षरं उचलत होतीस," त्यान म्हणाला. "बारीक काम होतं, सुंदर होतं. मी दाबलं बटण. पण मग ते म्हणाले, नावं पुरी करा. मला तो हुकूम वाटलाच नाही, बाल्झिया. मला वाटलं, इतक्या वर्षांनी कोणीतरी ते बोललं."

मित्रांनो, मी बारा वर्षे त्याच्यावर चिडलो होतो. रोज सकाळी तो माझी काच पुसायचा आणि मी मनात म्हणायचो, घाबरट. मलाही कोणी विचारले नव्हते, हे खरे. पण मीही कोणाचे ऐकले नव्हते.

बाल्झियाने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग कापड सोडले. "पंचवीस वर्षं तुम्ही सगळ्यांची नावं टिपलीत," ती म्हणाली. "तुमचं एकदा तरी पडद्यावर आलं?"

"बटण दाबणाऱ्याचं कोण टाकतं?"

"आज मी कापते. बसा."

"माझं नको," त्यान म्हणाला. "तिचं काप."

तिने काळा कागद अंथरला. अक्षरे कापली, घाई न करता. त्यान सुनोक. एकमेकांपासून फार दूर नाहीत, खेटूनही नाहीत, अगदी मध्यभागी. कोपऱ्यात नाही. त्याने बटण हातात घेतले आणि मी शहाण्णव वेळा डोळा उघडून मिटला. चार सेकंद. नाव वाचायला तेवढे पुरतात.

ती पट्टी बाल्झियाने ओळखीच्या प्रयोगशाळेतून धुऊन आणली आणि त्यानला दिली. त्याने ती पाकिटात ठेवली, असे नंतर कोणीतरी सांगितले. त्या चार सेकंदांसाठी कोणता चित्रपट नव्हता, कोणता पडदा नव्हता. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले काम कोणत्याही हॉलमध्ये लागले नाही.

पुढे देश बदलला, स्टुडिओचा निम्मा भाग गोदाम झाला. नावे आता संगणकावर होतात. मला एका चित्रपट महाविद्यालयाच्या ओसरीत आणून उभे केले आहे. माझा दिव्याचा एक हात तुटला आहे, दुसऱ्यावर विद्यार्थी कोट अडकवतात. समोरच्या वर्गाचे दार उघडे असते. परवा तिथे एक रहस्यपट लावला होता. सुरुवातीलाच एक लांबलचक, ताणलेली शांतता आली आणि मला कळले, कोणीतरी दोन मिनिटे जीव तोडून घडवलेली आहेत. मी कान टवकारले. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "ही नावं सरकव ना पुढं." बटण दाबल्याचा आवाज आला. थेट पहिला खून.

मित्रांनो, मी तुमच्याकडे तेल मागत नाही, रंग मागत नाही. माझ्यावर कोट अडकवलेत तरी चालेल. एवढेच करा. पुढच्या वेळी पडदा काळा झाला आणि कोपऱ्यातून एखादे नाव सरकत आले, तर हात आवरा, बसून राहा. तुम्हाला कुठे नेणार आहेत ते तिथे कोणीतरी सांगत असते, फार कष्टाने, केसाकेसाने. आणि नावे संपल्यावर, गोष्ट सुरू होण्याआधी, क्षणभर स्वतःला विचारा, या यादीत कोण राहून गेले.